हातचा ठेवायचा कुठे?

हिंगणघाटच्या बाजारात कापसाचा भाव विचारला तर उलट प्रश्न येतो: कशाचा? शेतकरी क्विंटलात बोलतो, आणि तोही सरकीसकट कापूस. जिनिंगवाला रुईचा भाव खंडीत सांगतो. खंडी म्हणजे ३५५.६२ किलो. हा असा वेडावाकडा आकडा कुठून आला, तर मुंबईच्या जुन्या बाजारातली कापसाची खंडी होती ७८४ पौंडांची, तिचंच हे किलोतलं रूप. गाठी मोजायच्या असतील तर एक गाठ १७० किलोची. वर्धा जिल्हा १८६२ साली नागपूरपासून वेगळा निघाला तेव्हा अमेरिकेत यादवी चालू होती, विलायतेतल्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि इथल्या कापसाची पत वाढली. पौंड गेले, शेर-मण गेले, दशमान मापं येऊन साठ वर्षं उलटली. खंडी जागच्या जागी आहे.

एवढी मापं एकाच बाजारात नांदतात, कारण तिथे आकडा एकटा फिरत नाही. नुसतं 'साठ हजार' कोणी म्हणत नाही, 'खंडीला साठ हजार' म्हणतात.

आता तुम्ही म्हणाल, शनिवारी ऑपरेटिंग सिस्टिमवर लिहिणारा हा माणूस कापसात कुठे शिरला? सांगतो. मी वर्ध्याचा, त्यामुळे खंडी-क्विंटल लहानपणापासून कानावरून गेलेलं. पोटापाण्याचा धंदा कर्नलचा कोड वाचण्याचा. आणि मेमरीचा हिशेब ठेवणाऱ्या कोडमधले इंटिजर ओव्हरफ्लोचे बग जितके जास्त वाचतोय तितकं माझं मत पक्कं होतंय की, हे बग वरवर टाइपचे दिसतात, पण बहुतेक वेळा मूळ दुखणं मापाचं असतं.

आधी ओव्हरफ्लो म्हणजे काय ते दोन ओळींत. शाळेत आपण नऊ आणि एक दहा, शून्य लिहून हातचा एक, असं शिकलो. संगणकातल्या इंटिजरला ठरावीक घरं असतात, समजा ३२. सगळी घरं भरली आणि तरीही हातचा आला, तर तो ठेवायला जागाच नाही. मग तो टाकून दिला जातो. बेरीज करणारा कोड थांबत नाही, ओरडत नाही, पुढे चालू लागतो. चिन्ह असलेला इंटिजर असेल तर एक घर चिन्हाचं, म्हणून २,१४,७४,८३,६४७ नंतर सहसा एकदम भली मोठी उणे संख्या दिसते. 'सहसा' म्हणायचं कारण, सी भाषेच्या नियमाप्रमाणे असं झाल्यावर काय व्हावं हे ठरलेलंच नाही. कंपायलर काय वाट्टेल ते करायला मोकळा. (आणि तो करतोही. ओव्हरफ्लो झाला का हे तपासायला तुम्ही बेरजेनंतर लिहिलेली ओळच तो कधीकधी उडवून टाकतो!)

जुन्या लोकांना हे कळत नव्हतं असं मुळीच नाही. युनिक्सची सहावी आवृत्ती १९७५ ची. ती ज्या पीडीपी-११ वर चालायची, त्यात इंटिजर १६ घरांचा, म्हणजे जास्तीत जास्त ३२,७६७. मशीनची मेमरी मात्र २,६२,१४४ बाइटपर्यंत जाऊ शकत होती. मग हिशेब कसा ठेवायचा? त्यांनी बाइट मोजलेच नाहीत. ६४ बाइटचा एक ठोकळा धरला आणि ठोकळे मोजले. सगळी मेमरी धरली तरी ४,०९६ ठोकळे, १६ घरांत आरामात मावतात. जॉन लायन्स या ऑस्ट्रेलियातल्या प्राध्यापकाने १९७६ च्या सुमारास या कोडवर ओळ-ओळ भाष्य लिहिलं, आणि पुढे वर्षानुवर्षं लोक ते झेरॉक्स मारून वाचत होते. त्यातला मेमरी-वाटपाचा भाग जमलं तर जरूर वाचा. कापूस पौंडात न मोजता खंडीत मोजायचा, तोच हिशेब.

पण मोठं माप घेतलं की कधीतरी परत लहान मापात यावंच लागतं. हातचा सांडतो तो नेमका तिथे.

आजच्या लिनक्समध्ये ठोकळ्याचं नाव 'पेज'. बहुतेक मशीनवर एक पेज ४,०९६ बाइटचं. समजा पेजेसची संख्या ३२ घरांच्या बिनचिन्ह इंटिजरमध्ये ठेवली आहे. संख्या छोटीच, काही धोका नाही. मग कोणीतरी ती बाइटमध्ये दाखवायला ४,०९६ ने गुणतो (प्रत्यक्षात बारा घरं डावीकडे सरकवतो) आणि उत्तर ६४ घरांच्या भल्यामोठ्या व्हेरिएबलमध्ये ठेवतो. दिसायला अगदी सुरक्षित! पण गुणाकार झाला ३२ घरांत, रुंद भांड्यात ओतला तो नंतर. ५ जीबी मेमरी असेल तर उत्तर येतं १ जीबी. बरोबर ४ जीबी असेल तर शून्य. रिव्ह्यूमध्ये ही ओळ सहज निसटते, कारण डावीकडचा टाइप बरोबर आहे, उजवीकडची संख्या बरोबर आहे, आणि चूक दोघांच्या मध्ये आहे.

आता एक मूल्य परत देताना मापसुद्धा सोबत देण्याची गोष्ट. लिनक्समध्ये 'सिसइन्फो' नावाचा सिस्टिम कॉल आहे, मशीनमध्ये एकूण मेमरी किती, मोकळी किती, हे सांगणारा. सुरुवातीला तो सरळ बाइट सांगायचा. इंटेलने १९९५ च्या पेंटियम प्रोपासून ३२ बिटांच्या मशीनला ६४ जीबीपर्यंत मेमरी जोडायची सोय केली आणि १९९९ मध्ये लिनक्सनेही ती उचलली. आता बाइटचा आकडा ३२ घरांत बसेना. मग त्यांनी उत्तराच्या साच्यात एक नवीन रकाना घातला: माप. वरचे आकडे अमुक इतक्या बाइटच्या पटीत आहेत, असं सांगणारा. मेमरी कमी असेल तर माप १, म्हणजे जुने प्रोग्रॅमही चालू राहिले. माझ्या मते ही या सगळ्या इतिहासातली सर्वात शहाणी दुरुस्ती. 'साठ हजार' न म्हणता 'खंडीला साठ हजार'.

विंडोजने याच अडचणीत वेगळी वाट धरली. मेमरी विचारायचं त्यांचं जुनं फंक्शन, २ ते ४ जीबी मेमरी असलेल्या ३२ बिटांच्या मशीनवर, जुन्या धाटणीच्या प्रोग्रॅमला ठामपणे २ जीबी एवढंच सांगायचं. उत्तर ३२ घरांत मावत होतं तरीही! पण जुन्या प्रोग्रॅममध्ये ते चिन्हाच्या इंटिजरमध्ये घेतलेलं असण्याची भीती. खरं सांगितलं तर त्यांना मेमरी उणे दिसणार, आणि ३ जीबीच्या मशीनवर 'मेमरी अपुरी आहे' असं म्हणून ते बसून राहणार. दुसऱ्याच्या चुकीसाठी ऑपरेटिंग सिस्टिमने खोटं बोलायचं. मला हे हास्यास्पद वाटत नाही, कीव येते.

इथपर्यंत नुकसान फार नाही, आकडा चुकीचा दिसतो एवढंच. खरी आग लागते ती हक्कदार मोजताना.

प्रत्येक पेजवर कर्नल एक काउंटर ठेवतो: हे पेज सध्या कितीजण वापरताहेत. सातबारावरची नावं मोजल्यासारखं समजा. शून्य झालं की जागा मोकळी, दुसऱ्याला द्यायला हरकत नाही. हा काउंटर ३२ घरांचा. एका पेजवर कोट्यवधी नावं चढणार कशी? एकेक नाव धरून ठेवायलाही मेमरी लागते, आणि तेवढी मेमरी कोणाकडे असणार? हा युक्तिवाद पूर्वी बरोबरच होता. मग सर्व्हर वाढले. २०१९ मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झीरोमधल्या यान हॉर्नने दाखवून दिलं की, साधारण १४० जीबी मेमरी असेल तर तो काउंटर खरोखर ओव्हरफ्लो करता येतो. मोजणी फिरून शून्याशी आली की कर्नल समजतो जागा रिकामी आहे, आणि ती दुसऱ्याला देऊन टाकतो. जुने हक्कदार मात्र तिथेच नांगर चालवताहेत. अशा वेळी दुसऱ्याच्या मेमरीत हात घालायला वाट मिळते. दुरुस्ती म्हणून काउंटर रुंद केला नाही. पेज कोट्यवधी आहेत, प्रत्येकावर जादा घरं द्यायची तर मेमरीचा हिशेबच मेमरी खाईल. त्याऐवजी मोजणी धोक्याच्या पुढे गेली की नवीन नाव चढवायला नकार द्यायचा, असं ठरलं. तलाठ्याने वही मिटायची.

म्हणजे लहान टाइप हाच गुन्हा असं समजायचं कारण नाही. याचा माझा आवडता पुरावा लिनक्समध्येच आहे. किती पेज मोकळी, किती वापरात, याचे आकडे दर क्षणाला बदलतात. सगळ्या प्रोसेसरनी एकाच वहीत लिहायचं म्हटलं तर रांग लागेल. म्हणून २००६ च्या सुमारास क्रिस्टोफ लॅमीटरने प्रत्येक प्रोसेसरला एकेक कच्ची वही दिली, आणि त्यातला फरक लिहायचा टाइप निवडला फक्त ८ घरांचा. कमाल १२७! सर्व्हरवर शेकडो जीबी असोत, कच्च्या वहीत १२७ च्या वर जागा नाही. पण नियम असा, की फरक एका उंबरठ्याच्या पुढे गेला की तो पक्क्या खात्यात जमा करून वही कोरी करायची, आणि उंबरठा काही झालं तरी १२५ च्या वर ठेवायचा नाही. हातचा कुठे जाणार हे आधीच ठरवलेलं. याची किंमत एकच: पक्कं खातं क्षणभर मागे असतं आणि बेरीज कधीकधी चक्क उणे निघते. तेव्हा वाचणारा कोड गुपचूप शून्य सांगतो.

कंटेनरवर काम करणाऱ्यांपैकी बऱ्याचजणांनी एक आकडा पाहिला असेल: ९२२३३७२०३६८५४७७१७१२. मेमरीवर मर्यादा घातलेली नसेल तर सी-ग्रुपच्या पहिल्या आवृत्तीत हाच दिसतो. ती मेमरी मोजणी २००८ मध्ये कर्नलच्या २.६.२५ आवृत्तीत आली, बलबीर सिंग आणि पावेल एमेल्यानोव्ह यांच्या कामातून. तेव्हा हिशेब बाइटमध्ये होता, ६४ घरांत. २०१५ मध्ये ३.१९ आवृत्तीत योहानेस वाइनरने तो बदलून पेजमध्ये केला. आता, चिन्हासकट ६४ घरांतली सर्वात मोठी संख्या संपते ...७७५८०७ ला. ती ४,०९६ ने भागायची, बाकी सोडून द्यायची आणि परत ४,०९६ ने गुणायचं. उत्तर येतं ...७७१७१२. मधले ४,०९५ बाइट गेले कुठे, असं पुढच्या इंटरव्ह्यूमध्ये एखाद्याला विचारून बघा :-)