विषबाधेचा संशय, पण रक्ताचा रिपोर्ट ‘नॉर्मल’: याचा अर्थ काय?

बारामती आणि इंदापूर हा ऊस, द्राक्ष आणि डाळिंबाचा पट्टा. फवारणीचं औषध अंगावर उडालं, श्वासातून किंवा पोटात गेलं की रुग्णाला तातडीच्या विभागात आणलं जातं. नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, ‘रिपोर्टमध्ये काय आलं?’ पण विषबाधेचा निर्णय एकट्या रिपोर्टवर होत नाही.

कोलिनेस्टरेज टेस्ट काय सांगते?

क्लोरपायरीफॉस, मोनोक्रोटोफॉस यांसारखी ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकं शरीरातलं कोलिनेस्टरेज हे एन्झाइम निकामी करतात. मग घाम आणि लाळ वाढते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, छातीत स्राव साठून श्वास अडतो. रक्तात हे एन्झाइम किती उरलंय, ते या टेस्टमधून कळतं.

आकडा फसवू शकतो का?

हो. यकृताचा आजार, कुपोषण किंवा गरोदरपणातही तो कमी येतो. उलट, ज्याची पातळी मुळातच जास्त असते, त्याची निम्म्यावर आली तरी रिपोर्ट ‘नॉर्मल’ दिसू शकतो. म्हणून डॉक्टर लक्षणं पाहूनच ॲट्रोपिन सुरू करतात, रिपोर्टसाठी थांबत नाहीत.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजुरांचा मृत्यू झाला, तेव्हा ही टेस्ट जिल्ह्यातच व्हायला हवी, हा मुद्दा पुढे आला.

इतर तपासण्या कशासाठी?

- ब्लड गॅस: धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांमुळे रक्तातलं आम्ल वाढतं.
- क्रिएटिनिन: पॅराक्वाट हे तणनाशक किडनीवर घाव घालतं. यात कोलिनेस्टरेज नॉर्मलच राहतं.
- एसजीपीटी, आयएनआर: पिवळा फॉस्फरस असलेल्या उंदराच्या औषधात पहिल्या दिवशी रिपोर्ट चांगले येतात, यकृत नंतर बिघडतं. म्हणून या तपासण्या पुन्हा पुन्हा करतात. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून घरी जायची घाई जिवावर बेतू शकते.

नातेवाइकांनी काय करावं?

- १०८ वर फोन करा.
- औषधाची बाटली किंवा लेबलचा फोटो सोबत न्या. कोणती टेस्ट करायची, हे त्यावरून ठरतं.
- औषध लागलेले कपडे काढून अंग साबण-पाण्याने धुवा. हातमोजे घाला.
- उलटी करायला लावू नका.
- औषध कधी आणि कसं गेलं, हे डॉक्टरांना खरं सांगा. लपवलं तर उपचाराची वेळ जाते.

मनात जीव देण्याचे विचार येत असतील, तर १४४१६ या टेलिमानस हेल्पलाइनवर मोफत बोलता येतं.