लाकडी जमिनीच्या तेल-स्टेनचा अंदाज (कोगनोळी–निपाणी परिसर)

सज्जा, माडीपुढची गॅलरी किंवा अंगणातला डेक अशा फळ्यांच्या उघड्या जमिनीला तेल अथवा स्टेन किती लागेल, हे कामाआधी ठरवण्याची रीत. भिंतीचा रंग पृष्ठावर थर धरून बसतो. तेल-स्टेन लाकडात मुरतो, त्यामुळे लांबी-रुंदीच्या गुणाकारावर काढलेला भिंतीचा हिशेब इथे फसतो.

स्थान : कोगनोळी हे बेळगाव जिल्ह्याच्या निपाणी (पूर्वी चिकोडी) तालुक्यातील गाव पुणे–बंगळूरू महामार्गावर, महाराष्ट्राच्या हद्दीलगत आहे, पलीकडे कागल. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हा भाग मुंबई राज्यातून तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला.

मापे : मेट्रिक मापे 1962 पासून देशभर सक्तीची झाली. तेल लिटरने विकले जाऊ लागले, जमीन मात्र अजून फुटांतच मोजतात. इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत. जुना गज 24 तसूंचा. क्षेत्रफळाचा ब्रास 100 चौरस फुटांचा, तर वाळू-खडीचा 100 घनफुटांचा असतो. ठरवताना कोणता ते बोलून घ्यावे. कन्नड कारागीर चौरस फुटाला ‘चदर अडी’ म्हणतो, माप तेच. तेलाच्या एका थराला रंगारी ‘हात’ म्हणतात.

क्षेत्रफळ : सरकारी बांधकामात रंग-पॉलिशची मोजणी भारतीय मानक 1200, भाग 15 प्रमाणे होते. उंचसखल पृष्ठांसाठी ठरावीक गुणक लावतात : पॅनेलच्या दाराला दर बाजूस 1.30, फ्लश दाराला 1.20, झिलमिलीच्या दाराला 1.80, पूर्ण काचेच्या दाराला 0.80, कोरीव कामाला 2 आणि सांधा जुळवून बसवलेल्या फळ्यांना 1.05. काचेच्या दाराचा गुणक एकाहून कमी आहे, कारण रंग फक्त चौकटीला लागतो. झिलमिलीचा जास्त, कारण प्रत्येक पट्टीला दोन अंगे व कडा असतात. गुणकामागचे हे तत्त्व एकदा समजले की तक्त्यात नसलेल्या कामाचाही हिशेब बसतो. डेकला मात्र 1.05 लावणे चूक ठरते. पाणी निथळावे म्हणून दोन फळ्यांत दोन सुतांची फट सोडतात आणि त्या फटीत प्रत्येक फळीच्या दोन्ही कडा उघड्या पडतात.

उदाहरणादाखल 12 फूट लांब, 6 इंच रुंद व 1 इंच जाड अशा 12 फळ्या घेऊ. वरचे अंग 72 चौरस फूट. फळीची एक कड 1 चौरस फूट, म्हणून सर्व कडा मिळून 24. टोके मिळून 1. खालचे अंग पुन्हा 72. एकूण 169 चौरस फूट, म्हणजे वरून दिसणाऱ्या जमिनीच्या 2.35 पट. फळी अरुंद झाली की कडांचा वाटा वाढतो : 6 इंची फळीत तो वरच्या अंगाच्या एक-तृतीयांश, 4 इंची फळीत निम्मा.

खालचे अंग धरावे की नाही, याबाबत कारागिरांत एकवाक्यता नाही. प्रस्तुत नोंदकाराच्या मते फळ्या ठोकण्यापूर्वी सर्व बाजूंनी एक हात द्यायलाच हवा. मृगापासून पुढे महिनोन्‌महिने ओल खालूनच चढते, आणि एकाच अंगाने ओल शोषणारी फळी वाकते.

शोषण : लाकडाच्या पेशी लांबीच्या दिशेने नळ्यांसारख्या असल्याने टोके सर्वाधिक पितात. रंध्याने नुकतेच साफ केलेले सागवान मुळातच तेलकट असते, ते कमी घेते. वर्षानुवर्षे उन्हात करडे पडलेले लाकूड, मग ते कोणतेही असो, खूप घेते. त्यामुळे डब्यावरचा आकडा सरासरी समजावा. भौमितिक मर्यादा एवढीच पक्की : 1 लिटर द्रव 10 चौरस मीटरवर (सुमारे 107.6 चौरस फूट) पसरला तर ओला थर 0.1 मिलिमीटरचा होतो.

खात्रीची रीत एकच. ब्रश आधी तेलात बुडवून निथळू द्यावा, नाहीतर पहिले तेल तोच पितो. मग मापाच्या पेल्यात 100 मिलिलिटर घेऊन एका फळीवर, कडांसह, संपेपर्यंत लावावे आणि भिजलेली जागा टेपने मोजावी. 6 चौरस फूट निघाली तर लिटरला 60. दुसऱ्या हाताला तीच चाचणी पहिला हात वाळल्यावर पुन्हा घ्यावी. समजा तेव्हा लिटरला 110 मिळाले. पहिला हात सर्व बाजूंनी (169 ÷ 60) 2.82 लिटर, दुसरा खालचे अंग वगळून (97 ÷ 110) 0.88 लिटर, मिळून 3.7. ब्रशला व डब्याच्या तळाला राहणारे धरून 4 लिटर. केवळ वरच्या 72 चौरस फुटांवर हिशेब केला असता तर 1.85, म्हणजे निम्मेच, तेल आले असते. फळ्या आधीच ठोकलेल्या असतील आणि खाली हात पोहोचत नसेल, तर 2.5 लिटर लागते, ब्रशला व डब्याच्या तळाला राहणारे वेगळे.

मध्येच माल संपणे हे या कामातले खरे नुकसान. नव्या डब्याची छटा जुन्याशी तंतोतंत जुळेलच असे नाही आणि जोड फळीवर कायम दिसतो. म्हणून सर्व डबे सुरुवातीलाच एका बादलीत एकत्र करून ढवळावेत.

पारंपरिक द्रव्ये : जवसाचे (अळशीचे) तेल, त्यात गेरू किंवा हुरमुंजी, आतल्या कामाला चपडा लाखेचे पॉलिश.

हंगाम : होळीनंतर, मृगापूर्वी; दुपारच्या तापलेल्या फळीवर नाही.

दक्षता : जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन वाळते आणि त्यात उष्णता निर्माण होते. तेलाने भिजलेले कापडी बोळे ढिगाने ठेवल्यास ते आपोआप पेटू शकतात. काम संपताच ते उघड्यावर एकेक पसरून वाळवावेत किंवा पाण्यात बुडवून ठेवावेत.