संथा, परवचा आणि पाठांतराची लय

धार येथील भोजशाळा–कमाल मौला वास्तूत नागाच्या वेटोळ्यांच्या आकारात संस्कृत वर्णमाला आणि व्याकरणाचे प्रत्यय दगडावर कोरलेले आहेत. ते परमार काळातले. असे नागबंध उज्जैन आणि ऊन येथेही आढळतात. व्याकरण मुखोद्गत व्हायला हवे, ही अपेक्षा माळव्यात किती जुनी आहे हे त्यांवरून दिसते. अठराव्या शतकात धार आणि देवास येथे पवारांची राज्ये उभी राहिली आणि दप्तरात मराठी व मोडी आली, तेव्हा पाठांतराच्या मराठी रीतींसाठी इथली जमीन तयारच होती.

या रीतींपैकी वेदपाठशाळेची रीत सर्वांत काटेकोर. गुरुजी संथा देतात आणि शिष्य ती घोकतो. पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ असे करत तो घनपाठापर्यंत जातो. घनपाठात मधला प्रत्येक शब्द तेरा वेळा उच्चारला जातो. पण ही पुनरुक्ती लागोपाठची असल्याने तिने मुख्यतः शब्दांचा क्रम आणि उच्चार अचूक राहतो. वर्षानुवर्षे टिकणारी स्मृती येते ती झालेला भाग पुन्हापुन्हा म्हणण्यातून. पेशवाईत श्रावणात पुण्यात रमण्यावर विद्वानांना दक्षिणा मिळे, आणि विद्या ताजी ठेवायला तेही एक निमित्त असे.

सामान्य घरांत हेच काम परवच्याने केले. दिवेलागणीला शुभंकरोती झाली की मुले पुस्तक न उघडता पाढे, वार, महिने, तिथी, नक्षत्रे म्हणत. पूर्णांकांचे पाढे तिसापर्यंत असत, आणि त्यांपुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. आठ शेर मालाचा भाव शेरामागे साडेतीन आणे असेल, तर अठ्ठावीस आणे हे उत्तर जिभेवर तयार असे. मांडून गुणाकार करायची गरज पडत नसे. १९५७ साली दशमान नाणी आली, त्यापाठोपाठ मेट्रिक वजनमापे आली, आणि अपूर्णांकांचे पाढे व्यवहारातून उठले.

या आवृत्तीमागचे शास्त्र युरोपात मोजले गेले. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेरमान एबिंगहाउस यांनी १८८५ साली निरर्थक अक्षरसमूह पाठ करण्याचे स्वतःवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. एकाच दिवशी केलेल्या ६८ आवृत्त्यांनी जेवढा उपयोग होई, तेवढाच तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवृत्त्यांनी झाला. १९७२ साली सेबास्टियन लाइटनर यांनी कार्डांची कप्प्यांची पेटी सुचवली: आठवलेले कार्ड पुढच्या कप्प्यात जाते आणि उशिरा समोर येते, विसरलेले पहिल्या कप्प्यात परतते. १९८०च्या दशकात पोलंडचे प्योत्र वोझ्नियाक यांनी हा हिशेब संगणकावर आणला. २००६ पासूनचे आंकी हे सॉफ्टवेअर त्याच वाटेवरचे.

परवच्याची उणीव इथे स्पष्ट होते. त्यात दोनाचा सोपा पाढा आणि एकोणतिसाचा अवघड पाढा रोज सारखाच म्हटला जाई. जे पक्के झाले त्यावरही तेवढाच वेळ जाई. पण स्मरणातून उत्तर बाहेर काढायची सवय, जी पुन्हा वाचण्यापेक्षा जास्त परिणामकारक ठरते, ती त्यात पूर्ण होती. अंतर वाढवत नेण्याची सोय तेवढी नव्हती. आज घरी परवचा सुरू करायचा, तर पक्के पाढे आठवड्यातून एकदा आणि कच्चे रोज, एवढा बदल पुरेसा आहे.