शब्दवेध : मस्कत

हंगामात तासगावची द्राक्षे शिरवळजवळ नीरा ओलांडून पुण्याकडे निघतात. बहुतेक थॉम्पसन सीडलेसच्या कुळातली. गोड, पण वासाला जवळपास अबोल. वासाचे द्राक्ष म्हणजे ‘मस्कत’ (फ्रेंच उच्चार म्युस्का). ऱ्होन खोऱ्यातली ‘म्युस्का द बोम द व्हनीझ’ ही गोड, पांढरी वाइन याच द्राक्षाची. आंबणे चालू असताना तिच्यात मद्यार्क घालतात. यीस्ट थांबते आणि द्राक्षाची साखर व सुगंध शिल्लक राहतात. अल्सासमध्ये मात्र त्याचीच कोरडी वाइन होते.

नाव ऐकून ओमानची राजधानी आठवते. पण कोशकार वेगळी वाट दाखवतात. फ्रेंच शब्द आला प्रोव्हान्साल भाषेतून, अर्थ ‘कस्तुरीगंधी’. त्यामागे लॅटिन ‘मुस्कुस’, त्यामागे फारसी ‘मुश्क’ म्हणजे कस्तुरी आणि त्याच्याही मुळाशी आपला संस्कृत ‘मुष्क’! मुष्क म्हणजे वृषण, शब्दशः ‘छोटा उंदीर’, मूषकाचाच भाऊबंद. कस्तुरीमृगाच्या ग्रंथीच्या आकारावरून हे नाव पडले असावे. फ्रेंचांनी जायफळालाही ‘नुआ म्युस्काद’, म्हणजे कस्तुरीगंधी कवचफळ, म्हटले.

प्रत्यक्षात या द्राक्षात कस्तुरी नसतेच. त्याचा गंध लिनालूल, जेरॅनिऑल अशा द्रव्यांचा. जेरॅनिऑल गुलाबातही असते. म्हणूनच की काय, याच घराण्यातले ‘मस्कत हॅम्बुर्ग’ भारतात ‘गुलाबी’ आणि तमिळनाडूत ‘पन्नीर’, म्हणजे गुलाबपाणी, या नावाने विकले जाते. नाक आपलेच खरे!