उभ्या रहाटाची कथा



महोत्सव-समितीनें या स्मरणिकेसाठीं एखादा ऐतिहासिक निबंध लिहून देण्याची मला आज्ञा केली. आपल्या धर्मग्रामाचा इतिहास इतर लेखकांनीं याच अंकांत दिला आहे. त्याची पुनरुक्ति न करतां मीं एक निराळा विषय घेतला आहे. जहाजाच्या डेकवर नांगर उचलण्यासाठीं जें यंत्र बसविलेलें असतें व ज्यास कॅप्स्टन म्हणतात, त्याचा हा इतिहास आहे. गोंदियापासून समुद्र फार दूर. नवेगांवबांधच्या तळ्यावर आपले ढिवर बांधव डोंगा चालवितात, त्यास असल्या यंत्राची गरज नाहीं. मग भातगिरण्यांच्या या गांवीं समुद्रावरील यंत्राची कथा कशास, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर लेखाच्या ओघांत येईल.

प्रथम यंत्राचें रूप पाहूं. विहिरीवरचा रहाट आपण सर्वांनीं पाहिला आहे. त्याचा कणा आडवा असतो. तोच कणा उभा केला, त्यावर मध्यें बारीक असें एक लाकडी पिंप बसविलें, पिंपाच्या माथ्याला भोंकें पाडून त्यांत लांब दांडे खुपसले, आणि दांड्यांना छाती लावून माणसें गोल फिरूं लागलीं, कीं कॅप्स्टन सिद्ध झाला. दोराचे तीनचार वेढे पिंपावर घ्यावयाचे. एक टोंक नांगराकडे जातें, दुसरें मोकळें टोंक एका मनुष्याच्या हातीं असतें. हा मनुष्य तें टोंक ताणून धरतो, म्हणूनच वेढे पिंपाला घट्ट चिकटतात. घर्षण मध्यम प्रतीचें असल्यास तीन वेढ्यांनीं हाताची ओढ सुमारें शंभरपट होते, असें गणितशास्त्र सांगतें. म्हणजे हातानें पांच किलोचा ताण धरला तर पलीकडे पांचशें किलोचें ओझें पेलतें. परंतु मोकळें टोंक हातांतून सुटलें कीं वेढे ढिले पडतात. पिंप नुसतें फिरत राहतें आणि नांगर जागचा हलत नाहीं. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडेल.

पिंपाच्या पायथ्याशीं लोखंडी खिट्ट्या असत. ओझ्यानें पिंप उलट फिरूं लागल्यास त्या त्यास अडवीत. खिट्टी मोडली तर दांडे उलट गरगरत आणि समोर येईल त्या माणसाच्या बरगड्या मोडीत. हें काम करणाऱ्या खलाशांनीं आपल्या शरीरानें त्याचें मोल दिलेलें आहे.

या यंत्राचा सर्वांत प्रसिद्ध पराक्रम मात्र समुद्रावर नव्हे, तर रोम शहरीं, संत पेत्राच्या महामंदिराच्या दारीं घडला. त्या चौकाच्या मध्यभागीं मिसर देशांतून आणलेला जो एकसंध पाषाणस्तंभ उभा आहे, तो पूर्वीं मंदिराच्या बाजूस होता. त्याचें वजन सुमारें 330 टन. पोप पांचवे सिक्स्टस यांनीं तो मंदिरासमोर आणण्याचें ठरविलें व तें काम दोमेनिको फोंताना या शिल्पज्ञाकडे सोंपविलें. फोंतानानें स्तंभाभोंवतीं लाकडांचा प्रचंड माचा उभारला आणि त्याच्या सभोंवतीं 40 कॅप्स्टन मांडले. 30 एप्रिल 1586 च्या सकाळीं 907 माणसें व 75 घोडे दांड्यांस जुंपून उभे राहिले. कामास हात लावण्यापूर्वीं कामकऱ्यांनीं पापनिवेदन करून पवित्र कम्युनियन घेतलें होतें. तुतारी वाजली कीं फिरावयाचें, घंटा वाजली कीं थांबावयाचें, असा संकेत होता. चाळीस दोरांपैकीं एक जरी अधिक ओढला गेला तरी सारा तोल जावयाचा. म्हणून कोणीं शब्द काढूं नये अशी सक्त ताकीद होती. त्याच वर्षीं 10 सप्टेंबर रोजीं स्तंभ नव्या जागीं उभा राहिला.

या प्रसंगीं एक दंतकथा जोडलेली आहे. दोर घर्षणानें तापून तुटण्याच्या बेतास आले असतां सानरेमो गांवच्या ब्रेस्का नांवाच्या एका नावाड्यानें मनाई मोडून, दोरांवर पाणी ओता, असें ओरडून सांगितलें. दोर भिजले, आखडले आणि काम तडीस गेलें. पोपमहाशयांनीं त्यास शिक्षा न करतां, झावळ्यांच्या रविवारासाठीं रोमला झावळ्या पुरविण्याचा मान त्याच्या घराण्यास दिला, असें सांगतात. कथा खरी असो वा नसो, तिचें मर्म खरें आहे. दोर तापला हें ज्याच्या हातांनीं जन्मभर दोर धरला त्यालाच कळावयाचें.

विद्वानांनींही या यंत्राकडे दुर्लक्ष केलें नाहीं. पिंप फिरतां फिरतां दोर एका कडेला सरकत जातो, व तो पुन्हा जागीं आणण्यासाठीं काम थांबवावें लागतें. या अडचणीवर उपाय शोधणारास पॅरिसच्या विज्ञान-अकादमीनें पारितोषिक जाहीर केलें होतें. 1741 साली गौरविलेल्या निबंधकारांत पाडुआ विद्यापीठाचे प्राध्यापक जोव्हान्नी पोलेनी हे एक होते. पुढें पेत्रमंदिराच्या घुमटास भेगा पडल्या, तेव्हां पोप चौदावे बेनेडिक्ट यांनीं याच पोलेनींचा सल्ला घेतला, आणि घुमटाभोंवतीं लोखंडी कडीं घालून तो सांवरण्यांत आला. नाविकांच्या अडचणीचा विचार करणाऱ्या बुद्धीस देवमंदिराच्या कामाचें आमंत्रण यावें, ही योजना मला अर्थपूर्ण वाटते.

आतां आपल्या प्रदेशाकडे वळूं. संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नांवाचा मिशनरी संघ साव्हॉय प्रांतांतील आनसी येथें फादर पीटर मेर्मिये यांनीं 1838 साली स्थापिला. त्याचे पहिले मिशनरी 1845 साली स्वदेश सोडून निघाले आणि 1846 साली विशाखापट्टणम् येथें पोंचले. त्याच मिशनच्या वेलीवर पुढें 1887 साली नागपूरचा धर्मप्रांत निराळा झाला. 1953 पासून तो महाधर्मप्रांत आहे. योगायोग असा कीं, बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीची स्थापनाही 1887 चीच. त्या रेल्वेनें गोंदियास जंक्शनचें महत्त्व आलें. लोहमार्गानें श्रद्धा आमच्या दारीं आली असें आपण म्हणतों, तें खरें. परंतु लोहमार्गापूर्वीं समुद्रमार्ग होता. 1845 च्या सुमारास जहाजाचा नांगर उचलावयाचा तो खलाशांनीं दांड्यांस छाती लावून, गाण्याच्या ठेक्यावर पावलें टाकीतच. ज्यांचीं नांवें कोठेंही लिहिलेलीं नाहींत अशा कित्येक खलाशांच्या खांद्यांवरून आपला धर्म या देशीं उतरला. गोंदियाच्या स्मरणिकेंत कॅप्स्टनची कथा कशास, याचें हें एक उत्तर झालें.

दुसरें उत्तर माझ्या घरचें आहे. मी वसईच्या किनाऱ्यावरील कोळी ख्रिस्ती घरांत जन्मलों. वसई, उत्तन या बाजूचे आमचे लोक पिढ्यान्‌पिढ्या डोल जाळें लावून मासेमारी करीत आले. भरती-ओहोटीच्या ओढीपुढें रोंवलेल्या खुंटांस हें पिशवीसारखें जाळें बांधावयाचें, आणि पाणी मंदावलें कीं सर्वांनीं मिळून तें उपसावयाचें. 1950 नंतरच्या दशकांत होड्यांवर इंजिनें आलीं. पुढें इंजिनाच्या जोरावर फिरणारा विंचही आला. जें काम सहासात जणांच्या पाठी मोडीत असे तें दोघातिघांनीं होऊं लागलें. परंतु इंजिनावर पट्ट्यानें जोडलेलें पिंप मनांत येईल तेव्हां थांबत नाहीं. मी शाळेंत होतों, तेव्हां एके पहाटे माझ्या वडिलांच्या उजव्या हातावर दोराचा वेढा चढला. कोणी धांवत जाऊन पट्टा उतरवीपर्यंत त्यांचीं दोन बोटें गेलीं होतीं. त्यानंतर वडील डाव्या हातानें क्रुसाची खूण करूं लागले. वेदीसमोर मला हात उंचावावे लागतात, तेव्हां त्या हाताची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

म्हणून कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या धाकट्या भावानें आपल्या होडीवर नांगरासाठीं विजेचा कॅप्स्टन बसविण्याचें मनावर घेतलें, तेव्हां मी सुटी काढून मुद्दाम गेलों. जहाजांवर प्रथम वाफेचे, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विजेचे कॅप्स्टन येऊं लागले, हें मीं वाचलें होतें. पण काम डोळ्यांनीं पाहिलें तें त्या वेळीं. पिंप डेकच्या वर. मोटर आणि तिची गति कमी करणारीं दांतेरी चाकें डेकच्या खालीं. जागा अशी निवडावयाची कीं नाळीवरच्या कप्पीवरून आलेला दोर सरळ रेषेंत पिंपावर यावा. आरपार बोल्ट घालावयाचे, आणि डेकच्या खालच्या अंगास सागाची जाड फळी द्यावयाची. ही फळी वरून कोणास दिसत नाहीं. परंतु सारा ताण तीच घेते, आणि ती नसेल तर बोल्ट डेक फाडून बाहेर येतात. भोंकांच्या कडा राळेसारख्या लुकणानें बुजवावयाच्या, कारण खारें पाणी केंसाएवढ्या फटींतून शिरतें आणि लाकूड आंतून कुजवितें.

हें सर्व नीट झालें. चूक झाली ती तारेंत. मोटर 1000 वॅटची, बॅटरी 12 व्होल्टची. म्हणजे प्रवाह 80 अँपियरच्या वर. बॅटरी मागें इंजिनाजवळ, मोटर पुढें नाळीजवळ. अंतर आठ मीटर. वीज जाऊन परत यावयाची, म्हणून तारेची लांबी सोळा मीटर धरावी लागते. बंदरावरच्या एका वायरमननें घरांतील जोडणीस वापरतात तसली 6 चौरस मिलिमीटरची तार टाकली, आणि बॅटरीपाशीं ब्रेकर बसविलाच नाहीं. घरीं 230 व्होल्टवर त्याचें काम उत्तम चालत असेल. पण येथें 12 व्होल्टपैकीं जवळजवळ 4 व्होल्ट त्या बारीक तारेंतच खर्चीं पडूं लागले.

आम्ही नांगर उचलावयास घेतला. भावानें दोराचे तीन वेढे घेतले, टोंक हातीं धरलें, आणि पायानें बटण दाबलें. पिंप कण्हत कण्हत फिरूं लागलें. तार तापल्याचा वास आला, म्हणून त्यानें पाय उचलला. पण पिंप थांबेना! व्होल्टेज उतरल्यामुळें मोटरचा मोठा स्विच थरथरत होता, आणि ठिणग्या पडून त्याच्या तोंड्या एकमेकींस चिकटल्या होत्या. नांगर नाळीपर्यंत येत चालला होता. दोर तुटता, किंवा हात आंत ओढला जाता. त्या क्षणीं भावानें मोकळें टोंक सोडून दिलें. वेढे सैल पडले, नांगर पुन्हा तळाशीं गेला, पिंप रिकामेंच फिरत राहिलें. मग मीं बॅटरीची तार उपटली. माझ्या तळहातावरचा भाजल्याचा डाग अजून आहे.

वडील धक्क्यावर बसून हें सर्व पाहत होते. आम्ही परत आलों तेव्हां त्यांनीं भावाला इतकेंच विचारलें, “सोडायचं तुला कोणी शिकवलं?” भाऊ म्हणाला, “बाबा, तुमच्या हातानं.”

दुसऱ्या आठवड्यांत 35 चौरस मिलिमीटरची, कल्हई केलेल्या तांब्याची तार टाकली. आतां तारेंत एक व्होल्टही जात नाहीं. बॅटरीलगत ब्रेकर बसविला; सांधे पक्के दाबून त्यांवर नळी चढविली; पायाच्या बटणाखेरीज वीज तोडणारा एक वेगळा मुख्य स्विच हाताशीं ठेविला. इंजिन चालू असल्यावांचून कॅप्स्टन लावावयाचा नाहीं, आणि नांगर टाकून राहिल्यावर होडीचा ताण कॅप्स्टनवर न ठेवतां दोर खुंट्याला बांधावयाचा, असे दोन नियम भावानें स्वतःस घालून घेतले. तो कॅप्स्टन आजही उत्तम चालतो.

वाचकहो, फोंतानाचीं 907 माणसें गेलीं, खलाशांचीं गाणीं गेलीं, आणि आतां एका पावलाखालीं नांगर उचलला जातो. याचा खेद करणारा मी नव्हें. ज्यानें आपल्या बापाचीं बोटें जातांना पाहिलीं तो यंत्राच्या सुधारणेस नांवें ठेवणार नाहीं. परंतु 1586 पासून आजतागायत एक गोष्ट बदललेली नाहीं. पिंप कोणत्याही शक्तीनें फिरो, मोकळें टोंक मनुष्याच्या हातीं असावें लागतें. त्यानें तें धरलें तर ओझें उचलतें, आणि वेळीं सोडलें तर जीव वांचतो.

आपल्या धर्मग्रामांतही आतां पुष्कळ कामें बटणावर होतात. महोत्सवाचा मांडव कंत्राटदारानें घातला, जेवण आचाऱ्यांनीं रांधलें, घंटेसही कोठें कोठें मोटर लागली आहे. हें सोयीचें आहे. पण आजारी माणसाच्या घरीं जाणारा, मुलांना धर्मशिक्षण देणारा, भांडलेल्या भावांस एका बांकावर बसविणारा हात कोणत्याही मोटरीस जोडतां येत नाहीं. तो हात सुटला तर पिंप फिरत राहील, समारंभ होत राहतील, आणि ओझें जागच्या जागीं राहील. डेकखालच्या त्या सागाच्या फळीसारखीं न दिसणारीं माणसें या धर्मग्रामानें पुष्कळ पाहिलीं आहेत. कित्येकांचीं नांवें या स्मरणिकेंत नाहींत. महोत्सवाच्या मिस्साबलिदानांत आपण त्यांचें स्मरण करूं या.

धर्मगुरूंची बदली होते. मलाही एके दिवशीं हें टोंक दुसऱ्याच्या हातीं देऊन जावयाचें आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रांत आशेला जिवाच्या नांगराची उपमा दिलेली आहे. तो नांगर ज्या दोरास बांधलेला आहे, त्याचें टोंक तुम्हां सर्वांच्या हातीं सदैव राहो, हीच प्रभूचरणीं प्रार्थना.