कूपरेजवरची चुरस : रोव्हर्स चषकाचा इतिहास आणि धडा

भातकापणी झाली की आपल्या कर्जत-खालापूर भागातील रिकाम्या शेतांत मुलांचे खेळ रंगू लागतात. नेरळपासून खोपोलीपर्यंत गावोगाव क्रिकेटचे व कबड्डीचे सामने भरतात. सामन्यात चुरस असते आणि ती असावीच. परंतु एखादा सामना वादात संपतो, दोन गावांतील मुले वर्षभर एकमेकांशी बोलत नाहीत आणि पालक खेळालाच दोष देऊन मुलाला घरी बसवतात. हा दोष खरोखर खेळाचा आहे काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी कर्जतहून गाडीने सुमारे दोन तासांवर असलेल्या मुंबईतील एका फुटबॉल स्पर्धेचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

रोव्हर्स चषकाची स्पर्धा मुंबईत 1891 साली सुरू झाली. पुढे कूपरेज मैदान हेच तिचे घर बनले. चषक सुरू करणारे इंग्रज आणि जिंकणारेही इंग्रजच. पहिला मान वूस्टरशायर रेजिमेंटने मिळवला आणि त्यानंतर 1936 पर्यंत गोऱ्या संघांचीच नावे चषकावर कोरली गेली. पलटणीतील शिपाई धिप्पाड, पायात बूट, रोजची कवायत. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळत. राज्य करणाऱ्यांना मैदानात हरवणे म्हणजे काय, हे त्या काळच्या लोकांना वेगळे सांगावे लागत नसे. म्हणून 1911 मध्ये कलकत्त्याच्या मोहन बागान संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 असे हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली, तेव्हा तो विजय साऱ्या देशाला आपला वाटला. याच संघाने 1923 मध्ये रोव्हर्सची अंतिम फेरी गाठली, पण तेथे डरहॅम लाइट इन्फन्ट्रीकडून त्यास हार पत्करावी लागली.

रोव्हर्स चषक प्रथम जिंकणारा भारतीय संघ बंगलोर मुस्लिम्स हा होय. त्याने 1937 मध्ये हा मान मिळवला आणि 1938 मध्ये पुन्हा चषक नेला. त्याच सुमारास कलकत्त्यात मोहमेडन स्पोर्टिंग क्लबने 1934 ते 1938 अशी सलग पाच वर्षे तेथील लीग जिंकली. 1940 मध्ये हा क्लब मुंबईत आला आणि त्याने रोव्हर्स चषक जिंकला. त्याच वर्षी दिल्लीत रॉयल वॉरिकशायर रेजिमेंटला 2-1 असे हरवून ड्युरँड चषक जिंकणारा तो पहिला भारतीय संघ ठरला.

हे यश नशिबाने आले नाही. पावसाळी चिखलात अनवाणी खेळाडू घसरतात हे ओळखून क्लबच्या चालकांनी ओल्या मैदानासाठी बुटांचा सराव करून घेतला. दूरदूरच्या प्रांतांतून गुणी खेळाडू निवडून आणले. प्रतिस्पर्ध्याचे बलस्थान कोठे आहे ते पाहिले आणि तेच त्याच्याकडून शिकून घेतले. नुसता राग धरून हे साधले नसते.

स्वातंत्र्यानंतर कूपरेजवर नवे पर्व सुरू झाले. हैदराबाद सिटी पोलीस संघाने 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक जिंकला. या संघाचे मार्गदर्शक सय्यद अब्दुल रहीम हे उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर आणि पेशाने शाळामास्तर. खेळाडूचा कच्चा पाय पक्का व्हावा म्हणून केवळ त्याच पायाने खेळण्याच्या स्पर्धा ते घेत असत. वर्गात कच्च्या विषयाची जादा उजळणी घेणारा शिक्षक त्यांच्या या रीतीत सहज ओळखू येतो.

आता याच खेळातील दुसरे चित्र पाहा. युरोप आणि दक्षिण अमेरिका या दोन खंडांच्या विजेत्या क्लबांमध्ये 1960 पासून एक चषक खेळला जाऊ लागला. जगातील उत्तमोत्तम खेळाडू त्यात उतरत. परंतु 1967 मध्ये स्कॉटलंडचा सेल्टिक आणि अर्जेंटिनाचा रेसिंग यांच्या निर्णायक सामन्यात पंचांना सहा खेळाडू मैदानाबाहेर काढावे लागले. 1969 मध्ये इटलीच्या मिलान संघाविरुद्ध एस्तुदियान्तेसच्या खेळाडूंनी इतकी मारहाण केली की अर्जेंटिनाच्या सरकारनेच आपल्या तीन खेळाडूंना तुरुंगात टाकले. पुढे 1971 मध्ये हॉलंडच्या आयाक्स क्लबने खेळण्यास नकार दिला. 1975 व 1978 मध्ये तर सामनाच झाला नाही. अखेर 1980 च्या स्पर्धेपासून टोकियो या तिऱ्हाइताच्या शहरात एकच सामना ठेवून चषक वाचवावा लागला. वैर इतके वाढले की खेळायला समोर कोणी येईना!

याउलट 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेचे उदाहरण घ्या. भारतीय संघाचे मार्गदर्शक रहीमसाहेबच होते आणि कर्करोगाने ते आजारी होते. संघात चुनी गोस्वामी, जर्नेल सिंग, थंगराज, बलराम, युसूफ खान, फ्रँको असे नाना धर्मांचे व प्रांतांचे खेळाडू होते. एका वादामुळे तेथील प्रेक्षक भारतावर रागावलेले होते. त्याच स्पर्धेत पाकिस्तानने भारताला हॉकीच्या अंतिम सामन्यात हरवले होते. तरीही फुटबॉलच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानचे हॉकीपटू भारताच्या बाजूने ओरडत होते, अशी आठवण आपल्या खेळाडूंनी सांगितली आहे. भारताने दक्षिण कोरियाला 2-1 असे हरवून सुवर्णपदक मिळवले. पुढच्याच वर्षी, जून 1963 मध्ये, रहीमसाहेब वारले.

रोव्हर्स स्पर्धाही 2001 च्या सुमारास बंद पडली. मात्र तिने शिकवलेली गोष्ट आपल्या कामाची आहे. विद्यार्थी मित्रांनो, शेजारच्या शाळेचा संघ तुम्हांला हरवून गेला, तर तो कसा खेळला हे आठवून दुसऱ्या दिवशी सरावाला लागा. सामन्यापूर्वी आणि सामन्यानंतर त्याच्याशी हात मिळवा, कारण तो आला नाही तर तुमचा सामनाच होणार नाही. आणि पालकांना विनंती अशी की, हरून आलेल्या मुलाला “कोणामुळे हरलात?” असे विचारू नका. “आज काय शिकलास?” एवढेच विचारा. अभ्यासात मागे पडलेल्या मुलालाही याच प्रश्नाची गरज असते.