संकलकाचं टेबल आणि २०११ चा जून

आजचा विषय मी घरातूनच उचललाय. आमच्या बेडोकच्या फ्लॅटमध्ये, स्टोअररूममध्ये, इस्त्रीच्या टेबलामागे एक जुना आयमॅक आहे. बायको दर दिवाळीला विचारते, हा काढायचा का? दर दिवाळीला मी म्हणतो, थांब. का थांब, ते सांगतो, पण जरा लांबून यावं लागेल.

मराठी सिनेमाच्या श्रेयनामावलीत 'संकलन' असा शब्द येतो. मला तो फार आवडतो. बाकीचं जग कापाकापीबद्दल बोलतं, आपण गोळा करून लावण्याबद्दल बोलतो. आणि हे काम करणारी भारतातली पहिली व्यक्ती म्हणून ज्यांचं नाव घेतात, त्या आपल्या सरस्वतीबाई फाळके. १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' तयार होत असताना दादरच्या घरात फिल्मला छिद्रं पाडणं, रसायनं कालवणं आणि जोडकाम, हे सगळं त्यांनी केलं. घरात एवढ्या माणसांचा स्वयंपाक होता, तो वेगळाच. त्या कामात हाताला फिल्म लागायची. पुढे मूव्हिओला आली, स्टीनबेक नावाचं सपाट टेबल आलं. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संकलन शिकलेल्या कित्येक पिढ्यांचे हात या टेबलांवर तयार झाले. 'परिंदा'च्या रेणू सलुजा तिथल्याच.

मग १९८९ मध्ये अ‍ॅव्हिड आलं आणि फिल्म संगणकाच्या पडद्यावर गेली. यंत्रं भयंकर महाग, सुरुवातीला चित्र भुरकट, आणि जुने संकलक म्हणत की हाताला काही लागत नाही म्हणजे डोक्यालाही लागणार नाही. १९९६ च्या 'द इंग्लिश पेशंट'ला संकलनाचं ऑस्कर मिळालं. संगणकावर संकलित झालेल्या चित्रपटाला ते पहिल्यांदाच मिळत होतं. संकलक होते वॉल्टर मर्च. याच मर्चनी 'कोल्ड माउंटन' हा २००३ चा मोठा सिनेमा दुकानात मिळणाऱ्या मॅकवर, फायनल कट प्रोवर केला, तेव्हा धंद्यातल्या लोकांच्या भुवया पुन्हा वर गेल्या.

फायनल कट प्रो बाजारात आलं १९९९ मध्ये. त्यामागचा मुख्य माणूस रँडी युबिलोस. अडोबीचं पहिलं प्रीमियर त्यानेच लिहिलेलं. मग मॅक्रोमीडियात त्याने नवं सॉफ्टवेअर सुरू केलं, ते अ‍ॅपलने विकत घेतलं, आणि त्याचं फायनल कट झालं. दहा वर्षांत ते मुंबईच्या मालिकांच्या एडिट खोल्यांपासून ते लग्नाच्या व्हिडिओवाल्यांपर्यंत पोचलं. माझा मावसभाऊ यातलाच. मी एमबीए करत होतो तेव्हा तो दादरला एका खोलीत रात्रपाळी करत फायनल कट शिकत होता. मावशीला वाटायचं, एकाचं मार्गी लागलं आणि एक पडदा बघत बसलाय.

आता येऊ २०११ वर. एप्रिलमध्ये लास व्हेगासला संकलकांच्या मेळाव्यात अ‍ॅपलने नव्या आवृत्तीचं प्रात्यक्षिक दाखवलं. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, हे विसरू नका. २१ जूनला फायनल कट प्रो एक्स विक्रीला आलं. किंमत ३०० डॉलरच्या आत. जुना पूर्ण संच हजार डॉलरचा होता. आणि आठवडाभरात तेच टाळ्या वाजवणारे लोक ऑनलाइन अर्जावर सह्या करत होते. अमेरिकेत कोनन ओब्रायनच्या कार्यक्रमाने त्यावर विनोदी फीत केली. सॉफ्टवेअरच्या आवृत्तीवर रात्रीच्या टीव्हीवर विनोद, हे मी तरी पुन्हा पाहिलेलं नाही.

काय चुकलं होतं? एक तर टाइमलाइनवरचे ट्रॅक गेले. जुन्या पद्धतीत आडवे पट्टे असत: पहिल्या दोनवर संवाद, खाली पार्श्वध्वनी, त्याखाली संगीत. संकलकाचा हात तिथे आपोआप जातो, जसा आईचा हात अंधारातही हळदीच्या डब्यावर जातो. नव्यात सगळे तुकडे चुंबकासारखे एकमेकांना चिकटणारे. कल्पना हुशार होती. एक तुकडा काढला की मागचे आपोआप सरकतात, आवाज आणि चित्र निसटत नाही. पण कुणीतरी रात्री येऊन सगळे डबे हलवले तर आई त्याला हुशार म्हणणार नाही.

हे सवयीचं झालं. खरं दुखणं दुसरंच होतं. संकलक एकटा काम करत नाही. त्याची फाइल ध्वनीवाल्याकडे जाते, रंगवाल्याकडे जाते, चॅनलला तेव्हा टेप जायची. पहिल्या आवृत्तीत ध्वनीकडे पाठवायचं ओएमएफ नाही, ईडीएल नाही, एक्सएमएल नाही, अनेक कॅमेऱ्यांचं एकत्र संकलन नाही. आणि सर्वांत मोठं म्हणजे फायनल कट ७ चे जुने प्रकल्प नव्यात उघडतच नव्हते. शिवाय जुन्याची विक्री त्याच दिवशी बंद. (ओरड झाल्यावर मोठ्या ग्राहकांसाठी ती काही काळ पुन्हा सुरू केली.)

मी व्यवसायाने आयटी सल्लागार. कंपन्यांची जुनी प्रणाली बंद करून नवी बसवणं हेच माझं पोट. त्यामुळे अ‍ॅपलची बाजू मला कळते. जुना कोड ३२-बिटचा, त्याला ४ जीबीपुढची मेमरी वापरता येत नव्हती. कधी तरी पाडून बांधणं भागच होतं. त्या जूनमध्ये मावसभावाला फोनवर मी हेच ऐकवलं. वर म्हणालो, "अरे, शिकून घे, बदल असाच असतो." तो शांतपणे म्हणाला, "दादा, शिकायला मी कुठे नाही म्हणतोय? माझी आठ वर्षांची कामं कुठे उघडू ते सांग." माझ्याकडे उत्तर नव्हतं. तोपर्यंत माझ्या एकाही सादरीकरणात हा प्रश्न नव्हता, हे कबूल करतो.

पुढचा इतिहास भराभर सांगतो. सप्टेंबरमध्ये एक्सएमएल आलं, जानेवारी २०१२ मध्ये अनेक कॅमेऱ्यांची सोय. पण मधल्या काळात अडोबीने अर्ध्या किमतीत, अ‍ॅव्हिडने ९९५ डॉलरला या मंडळींना बोलावून घेतलं होतं. प्रीमियरकडे गेलेल्यांना मे २०१३ मध्ये कळलं की यापुढची आवृत्ती विकत नाही, महिन्याच्या भाड्याने. मग ब्लॅकमॅजिकचं रिझॉल्व्ह, मुळात रंगकामाचं, फुकट आवृत्तीसकट संकलनात उतरलं. मावसभाऊ प्रीमियर करून आता रिझॉल्व्हवर आहे. पन्नाशीच्या आत पाच वेळा टेबल बदललं.

आणि काहींनी बदललंच नाही. फेब्रुवारी २०१२ मध्ये संकलनाचं ऑस्कर फायनल कट ७ वर केलेल्या 'द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू'ला गेलं, म्हणजे विक्री बंद झालेल्या सॉफ्टवेअरला. कोरियन 'पॅरासाइट' तर २०१९ चा. तोही फायनल कट ७ वरच. ज्याचा हात बसलाय त्याने जुनं यंत्र जपून ठेवलं.

इथे बेडोकजवळची एक गोष्ट सांगायलाच हवी. ईस्ट कोस्ट रोडवर कॅथे-केरिसचा स्टुडिओ होता. भारतातून आलेल्या बी. एन. राव यांनी त्यांच्यासाठी १९५७ मध्ये 'पोंतियानाक' हा भुताचा मलाय सिनेमा केला. तुफान चालला. आज त्याची प्रत नाही. निर्माता हो आ लोक याने घर बदलताना रिळं पाण्यात टाकली, असं सांगतात. फिल्मसुद्धा टिकतेच असं नाही, एवढं मला त्यावरून कळलं.

तर आता आयमॅक. २००८ मध्ये आजीचं सहस्रचंद्रदर्शन झालं, तेव्हा मावसभावाने तिची मुलाखत घेतली होती. सात मिनीडीव्ही कॅसेट. फिल्म अर्धी जोडून राहिली, कारण दोघांनाही वेळ नव्हता. मग आजीच राहिली नाही. गेल्या वर्षी तो सिंगापूरला आला तेव्हा आम्ही ते यंत्र सुरू केलं. जुनं सॉफ्टवेअर उठलं. प्रकल्प उघडला. टाइमलाइन जशीच्या तशी, प्रत्येक तुकडा जागेवर, आणि पडद्यावर लाल चौकट: मीडिया ऑफलाइन. चित्रं ज्या हार्ड डिस्कवर होती ती कधीच बिघडली होती.

पण प्रकल्पाच्या फाइलमध्ये प्रत्येक तुकड्याचा कॅसेट क्रमांक आणि टाइमकोड लिहिलेला असतो. कॅसेट असली आणि कॅमेरा चालला, तर ते यंत्र स्वतः टेप पुढे-मागे फिरवून नेमका तेवढाच भाग पुन्हा उतरवून घेतं. फायरवायरची केबल सिम लिम टॉवरमध्ये शोधून आणली. रात्री दोनला तीन नंबरच्या कॅसेटमधून आजी बोलायला लागली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.

सहा कॅसेट झाल्या. पाच नंबरची सापडत नाहीये. त्या जागी अजून लाल चौकट आहे, चार मिनिटं बारा सेकंदांची. मावशी माळ्यावर बघणार आहे.